केबल सोडून डीटीएच घेतल्याला चौदा महिने झाले: अनुभव आणि हिशेब

चौदा महिन्यांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी घरातली केबलची जोडणी बंद करून गच्चीवर छत्री बसवून घेतली. केबलवाल्याला दरमहा ३५० रुपये रोख देत होतो. पावती मिळत नव्हती आणि त्या पैशांत नेमक्या कोणत्या वाहिन्या येतात हे विचारले की 'सगळ्या चालू आहेत' एवढेच उत्तर मिळत होते. आमच्या इमारतीत वायर एकाच केबलवाल्याची आहे, दुसरा कोणी या बाजूला येत नाही. डीटीएचमध्ये मात्र टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट असे चार पर्याय आहेत. चार विक्रेते एकाच ग्राहकासाठी झटत असतील तर दर आपोआप आटोक्यात राहतील, असा माझा समज होता. आता माझे मत असे आहे की ही स्पर्धा खरी आहे, पण ती ग्राहकाच्या बाजूने चालते ती छत्री बसवण्याच्या दिवसापर्यंतच; त्यानंतर तिचा फायदा हिशेब करून आणि विचारून मिळवावा लागतो. मी कोणत्या कंपनीची सेवा घेतली हे लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी कंपनीमुळे नव्हे तर दररचनेमुळे घडतात.

बिलापासून सुरुवात करतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरव्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकांना लागू झाली आणि तेव्हापासून बिलाचे तीन भाग पडतात: वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे नेटवर्क क्षमता शुल्क म्हणजे एनसीएफ, सशुल्क वाहिन्यांचे पैसे आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला १०० वाहिन्यांसाठी एनसीएफची कमाल मर्यादा १३० रुपये होती, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैसे. २०२० च्या दुरुस्तीने त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली आणि एनसीएफ किती घ्यायचा हे कंपन्यांवर सोपवले. वेगवेगळ्या भागांत तो वेगळा ठेवण्याचीही त्यांना मुभा मिळाली. त्यामुळे आज दोन कंपन्यांची तुलना करताना पॅकची जाहिरातीतली किंमत पुरेशी नाही. एनसीएफ आणि कर धरून महिन्याला हातातून किती जातील, हाच आकडा विचारावा. मी पहिल्या दिवशी तो विचारला नाही आणि पहिल्याच महिन्यात माझा अंदाज साठ रुपयांनी चुकला.

दुसऱ्या महिन्यात मी आईला सोबत घेऊन वाहिन्यांची छाटणी करायला बसलो. तिने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर आठवडाभर घरात प्रत्यक्ष काय लावले जाते त्याची नोंद ठेवली होती. आमच्या पॅकमध्ये दोनशेहून अधिक वाहिन्या होत्या आणि तिच्या यादीत भरल्या सतरा. त्यातल्याही सहा मोफत प्रसारित होणाऱ्या होत्या. उरलेल्या अकरा वाहिन्या सुट्या घेतल्या तर बिल निम्म्यावर येईल, अशी माझी खात्री होती. ॲपवर एकेक वाहिनी निवडत गेलो आणि सातव्या-आठव्या वाहिनीलाच बेरीज पॅकच्या किमतीपाशी पोहोचली.

याचे कारण बुकेच्या, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या वाहिन्यांच्या गठ्ठ्याच्या, गणितात आहे. प्रसारक, म्हणजे वाहिन्या चालवणारी कंपनी, प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत जाहीर करतो आणि १९ रुपयांपर्यंतची वाहिनीच बुकेमध्ये घालता येते. हा आकडा २०२० मध्ये १२ रुपयांवर आणला गेला, त्यावर न्यायालयात वाद झाले आणि नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने तो पुन्हा १९ रुपये झाला. त्याच दुरुस्तीने असे ठरवले की बुकेवरची सूट सुट्या किमतींच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. आता समजा, एका प्रसारकाच्या पाच वाहिन्यांची सुटी बेरीज ६० रुपये आहे; तर बुके ३३ रुपयांपर्यंत खाली येऊ शकतो. त्यातल्या आपल्याला हव्या असलेल्या तीन वाहिन्यांची सुटी किंमत ३६ रुपये असेल, तर तीन घेण्यापेक्षा पाच घेणे स्वस्त पडते, आणि नको असलेल्या दोन वाहिन्या घरात येतात. ग्राहकाला वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे आणि तो मोलाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सवलतीला एवढी जागा ठेवली की तो हक्क वापरणाऱ्यालाच जास्त पैसे मोजावे लागतात, आणि ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. आम्ही अखेर मराठी वाहिन्यांचा एक बुके, क्रीडेची एक वाहिनी आणि दोन सुट्या वाहिन्या एवढेच ठेवले. महिन्याचा खर्च करासह ३४२ रुपयांवर स्थिरावला, म्हणजे केबलपेक्षा आठ रुपये कमी.

चार कंपन्या असूनही त्यांच्या पॅकच्या किमती इतक्या जवळजवळ का असतात, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. वाहिनीची कमाल किंमत प्रसारक ठरवतो आणि ती सगळ्या वितरकांसाठी, म्हणजे डीटीएच आणि केबल कंपन्यांसाठी, एकच असते. वितरकाला त्यातून किमान २० टक्के वितरण शुल्क मिळते, शिवाय प्रसारक त्याला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतो. म्हणजे बिलातला वाहिन्यांचा भाग उतरवायला वितरकाच्या हातात जागा थोडीच. खरी चढाओढ होऊ शकते ती एनसीएफ, वितरकाचे स्वतःचे पॅक, बॉक्सची किंमत आणि सेवा यांवर. जुलै २०२४ पासून वितरकाला स्वतःच्या पॅकवरही ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते; आधी ही मर्यादा १५ टक्के होती. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर ती या चार ठिकाणी करावी. वाहिनीच्या किमतीवरून ग्राहक सेवेशी वाद घालण्यात मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

मला सर्वांत जास्त टोचलेला प्रसंग दीर्घ मुदतीच्या रिचार्जचा. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले की काही दिवस जास्तीचे मिळतात, म्हणून मी ते भरले. दोन महिन्यांनी प्रसारकांनी दर वाढवले आणि आमचे ३४२ रुपयांचे बिल ३६८ रुपयांवर गेले. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले असल्यामुळे या मुदतीत वाढ लागू होणार नाही, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कंपनीच्या खात्यात आपले महिने जमा नसतात, रुपये जमा असतात. उरलेल्या चार महिन्यांचे १,३६८ रुपये नव्या दराने भागले गेले आणि पुढच्या रिचार्जची तारीख आठ-नऊ दिवस अलीकडे सरकली. संदेश आला होता, पण त्यात 'आपल्या पॅकमध्ये बदल' एवढाच मथळा होता. आईने पडद्यावरची तारीख पाहून विचारले म्हणून ते माझ्या लक्षात आले. जास्तीचे म्हणून मिळालेले दिवस असे जवळजवळ परत गेले. तेव्हापासून मी महिन्याचेच रिचार्ज करतो.

अकराव्या महिन्यात आम्ही गावी गेलो असताना रिचार्ज संपले आणि मी ते नऊ दिवस भरले नाही. चौथ्या दिवशी पहिला संदेश आला आणि सातव्या दिवशी दूरध्वनी. एक रिचार्ज केल्यास पुढचे पंधरा दिवस मोफत मिळतील, असे त्या मुलीने अतिशय अदबीने सांगितले. दर महिन्याला तारखेआधी पैसे भरत होतो तोपर्यंत अशी सवलत मला एकदाही देऊ केलेली नव्हती. ती सवलत मी घेतली, पण मनाला बरे वाटले नाही, कारण नियमित पैसे भरणारा ग्राहक जास्त दर देतो आणि थांबवून धरणारा कमी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पुढच्या महिन्यात मी स्वतःच फोन करून, सेवा बदलण्याचा विचार आहे, असे स्पष्ट सांगितले आणि मला आणखी एक छोटी सवलत मिळाली.

सेवा बदलण्याचा विचार बोलून दाखवणे सोपे, करणे कठीण. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसे इथे नाही. एका कंपनीचा सेट टॉप बॉक्स दुसरीकडे चालत नाही. एकच बॉक्स कुठेही चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली होती. माझ्या घरातला बॉक्स मात्र आजही कंपनी सोडली की निरुपयोगी होणार आहे. नवा बॉक्स, नवी छत्री, बसवण्याची मजुरी हे सगळे धरले तर महिन्याला तीस रुपये वाचवण्यासाठी वर्ष-दोन वर्षांची बचत आधीच खर्च करावी लागते. स्पर्धा छत्री बसवल्यावर थंडावते असे मी वर म्हटले, त्याचे मूळ माझ्या मते या बॉक्समध्ये आहे. हा एक नियम बदलला तर एनसीएफवर मर्यादा घालण्याची गरजही फारशी उरणार नाही.

चित्र आणि आवाज केबलपेक्षा निश्चित चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मुसळधार पावसात संदेशलहरी क्षीण होतात आणि वाहिन्या दहा-पंधरा मिनिटे जातात. दोन पावसाळ्यांत असे सात-आठ वेळा झाले. एकदा मात्र पाऊस थांबूनही चित्र आले नाही, तेव्हा गच्चीवरच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या संदेश पकडणाऱ्या भागाला, जोडलेल्या वायरच्या टोकात पाणी शिरून ते गंजले होते. तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला, पाच मिनिटांत टोक बदलले आणि भेटीचे पैसे घेतले. इथे केबलवाल्याला श्रेय दिलेच पाहिजे: त्याचा मुलगा निरोप मिळाल्यावर त्याच संध्याकाळी यायचा आणि वेगळे पैसे कधी मागायचा नाही. वयस्कर माणसे घरी असतील तर ही सोय दरातल्या थोड्या फरकापेक्षा मोठी ठरते, हे मला केबल सोडल्यावर कळले. मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून वाद होऊन मोठ्या प्रसारकांनी करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रसारण बंद केले होते, तेव्हा त्या भांडणाशी काहीही संबंध नसताना आमच्या घरातल्या मालिका काही दिवस बंद होत्या. केबल सोडण्याचे बीज तिथेच पडले होते.

वडिलांच्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीला मी दुसरी सशुल्क जोडणी घेतली नाही. तिथे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश बसवली. एकदाच बॉक्स आणि छत्रीचा खर्च, दरमहा काही नाही. सह्याद्री, बातम्या आणि जुने चित्रपट एवढ्यावर वडील समाधानी आहेत. खासगी वाहिन्यांना त्यावर जागा लिलावातून मिळते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी उद्या राहीलच असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये चार मोठ्या प्रसारकांनी आपल्या काही हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. तरीही ज्यांच्या घरी आठवड्यातून दहा-बारा तासच टीव्ही लागतो, त्यांनी पैसे भरण्याआधी हा पर्याय अवश्य पाहावा.

पुढे दर कमी होतील का, याबद्दल मी फारसा आशावादी नाही. ट्रायच्या आकडेवारीनुसार सशुल्क डीटीएच ग्राहक मार्च २०२१ मध्ये सात कोटींच्या जवळ होते, ते मार्च २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आले. बरेच लोक ब्रॉडबँड आणि ॲपकडे वळले आहेत. ग्राहक कमी झाले की उरलेल्यांकडून खर्च भरून काढण्याचा मोह कंपन्यांना होणारच. टाटा प्ले आणि एअरटेल यांच्या विलीनीकरणाची बोलणी मे २०२५ मध्ये थांबली, म्हणून निदान चार नावे अजून शिल्लक आहेत. प्रसारकांच्या बाजूला मात्र रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले माध्यम व्यवसाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आले, आणि क्रिकेट पाहणाऱ्या घराला त्या एका गटाला टाळून पॅक बनवणे अवघड झाले आहे. आमच्या यादीतली क्रीडेची वाहिनी मी आता क्रिकेटची मालिका नसलेल्या महिन्यात काढून टाकतो आणि सामने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी परत घेतो.

नव्याने जोडणी घेणाऱ्याने घरातली यादी आधी करावी, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नयेत आणि बसवायला आलेल्या माणसाकडून वायरच्या टोकांवर पाणी न शिरेल असे वेष्टन त्याच्यासमोर उभे राहून करून घ्यावे. मी तूर्त हीच सेवा चालू ठेवली आहे. पुढचे रिचार्ज २२ तारखेला आहे आणि त्याआधी आईची नवी यादी तयार होईल. या वेळी तिने आणखी दोन वाहिन्यांवर काट मारली आहे.