नव्या पिकअपची मागची काच गळते: शोरूम, काचवाला की घरचा सीलंट?

उन्हाळाभर आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवणारी नवीकोरी पिकअप मिरगाच्या पहिल्या झडीत सीटच्या पाठीमागे ओली निघाली, की सल्ले हमखास मिळतात. कोणी म्हणतं शोरूमला नेऊन उभी कर, कोणी म्हणतं काचवाल्याकडे बीडिंग, म्हणजे काचेभोवतीचं रबर, बदल, आणि कोणीतरी सिलिकॉनची नळीच हातात ठेवतं. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो, पण सिलिकॉनचा सर्वांत कमी गाड्यांना. आपल्या गाडीला कुठला लागू, हे काच कशी बसवली आहे, पाणी नेमकं कुठून शिरतं आणि वॉरंटी किती उरली आहे यावर ठरतं.

काच रबरात आहे की चिकटवलेली?

रबरात बसवलेली काच ओळखायला सोपी. काचेभोवती जाड काळं रबर आतून आणि बाहेरूनही दिसतं, त्याची ओठासारखी कड नखाने उचलता येते. काही रबरांत वरून एक बारीक पट्टी दाबलेली असते, ती रबर ताणून धरते. चिकटवलेल्या काचेला आतून असं रबर नसतं. काचेच्या कडेला काळा पट्टा असतो आणि त्यामागे पॉलियुरेथेनचा, म्हणजे काच पत्र्याला धरणाऱ्या चिकट सीलंटचा, थर. कारागीर त्याला नुसतं युरेथेन म्हणतात. काळा पट्टा नुसता शोभेचा नसून त्या थराला उन्हापासून वाचवतो.

मधला भाग सरकणारी काच असेल, तर आधी खालच्या पन्हाळीतली भोकं पाहा. धूळ आणि पालापाचोळा अडकला की पाणी बाहेर जायचं सोडून आत सांडतं. बारीक तारेने भोकं मोकळी केली की पुष्कळदा काम तिथेच संपतं.

पाणी कुठून येतं, हे आधी शोधा

कौलारू घरात कौल एकीकडे सरकलेलं असतं आणि थेंब वाशावरून घरंगळत भलत्याच खोलीत पडतो. केबिनचंही तसंच आहे. काचेखाली ओल दिसली म्हणजे काचच गळते असं नाही. छतावरचा तिसरा ब्रेक लाइट असेल तर त्याची फोमची गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ चकती), छताच्या पत्र्याचा सांधा, केबिनच्या मागच्या भिंतीतली हवा बाहेर सोडणारी झडप, आणि काचेपुढची जाळी किंवा शिडी बसवताना पाडलेली भोकं, या सगळ्यांतलं पाणी शेवटी काचेच्या खालच्या कोपऱ्याशीच येऊन टपकतं.

तपासणीला दोन माणसं, बागेचा साधा पाइप, टॉर्च आणि टाल्कम पावडर लागते. सीटची पाठ आणि मागचं प्लॅस्टिक पॅनल काढा. त्याच्या क्लिपा तुटतात, म्हणून आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. आतला पत्रा कोरडा करून काचेच्या चारी बाजूंनी पावडर भुरभुरा. पाण्याची पहिली रेघ त्यात स्पष्ट उमटते. आता पाणी खालून वर न्यायचं: आधी काचेची खालची कड, मग बाजू, मग कोपरे, मग वरची कड, मग ब्रेक लाइट, शेवटी छताचा सांधा. प्रत्येक ठिकाणी ३ ते ५ मिनिटं, पाइपला नोझल न लावता. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको. तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो आणि खोटी गळती दाखवतो.

उभ्या गाडीत काहीच सापडलं नाही, तरी निष्कर्ष काढू नका. चिरे भरून खाचखळग्यांच्या वाटेने जाताना चासी पिळवटते, केबिनही थोडी वाकते आणि कोपऱ्यातली फट तेवढ्यापुरती उघडते. एक पुढचं चाक १०-१५ सेंटिमीटर उंच भक्कम फळीवर चढवा, हँडब्रेक लावा, उरलेल्या चाकांना उटी द्या आणि तोच पाइप त्याच क्रमाने पुन्हा फिरवा. चालत्या गाडीतली गळती पुष्कळदा इथेच सापडते.

आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे ताडपत्री. हौद्यावरची ताडपत्री पुढे केबिनपर्यंत ताणून बांधली की तिच्या घडीतून पागोळीसारखी धार थेट काचेच्या वरच्या कडेवर पडत राहते. वाऱ्यात फडफडणारी कड रबराचा ओठही उचलते. दुरुस्तीआधी एकदा ताडपत्रीचा उतार मागे देऊन पाहा.

शोरूमचा रस्ता

गाडी वॉरंटीत असेल आणि पाणी काचेच्या बैठकीतून किंवा पत्र्याच्या सांध्यातून येत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या कोणाचाही हात लागण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटर. नव्या गाडीत अशी गळती बसवतानाच्या चुकीची असते. रबराचा ओठ आत दुमडला जातो, युरेथेनची पट्टी जिथे सुरू होऊन संपते तिथे सांधा नीट मिळत नाही, किंवा दोन पत्रे जोडलेल्या पायरीशी सीलर कमी पडतो. वॉरंटीची पुस्तिका मात्र आधी वाचा. काच फुटणं आणि रबरी भागांची झीज यांना तिथे अपवाद असू शकतात. म्हणून जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवतं त्या कागदावर, ‘रबर खराब’ असं लिहून घेऊ नका. ‘मागच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून केबिनमध्ये पाणी शिरते’ असं जागेसह लिहून घ्या. तपासणीचा व्हिडिओ जोडा.

या रस्त्याचा तोटा म्हणजे वेळ. देवगड, गुहागर, दापोलीकडच्या माणसाचा सर्व्हिस सेंटर गाठण्यातच दिवस मोडतो, त्यात काच किंवा रबर मागवावं लागलं तर गाडी अडकते. दुसरा धोका म्हणजे बाहेरून सीलंटची एक रेघ ओढून गाडी परत मिळणं. पहिल्या वेळी ते चालवून घेता येईल. त्याच जागी पुन्हा पाणी आलं, तर काच काढून बसवण्याचीच मागणी लेखी करा आणि प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपा.

ती प्रत पुढे कामाला येते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जाता येतं. व्यापारी कारणासाठी घेतलेली गाडी या कायद्यातून वगळली आहे. पण स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठीच घेतली असेल, तर खरेदीदार ग्राहक ठरतो. एकच पिकअप स्वतः चालवणाऱ्याने हे ठामपणे मांडावं. विम्याकडून मात्र अपेक्षा नको. काच फुटली तर विमा कामाचा. नुसतं पाणी पाझरणं हा अपघात नव्हे.

गावातला काचवाला

वॉरंटी संपली असेल आणि काच रबरात असेल, तर चांगला काचवाला शोरूमपेक्षा सरस. हे हाताचं काम आहे आणि ज्याने बस, ट्रक, टेंपोच्या काचा वर्षानुवर्षं बसवल्या त्याचा हात बसलेला असतो. काच काढून पत्र्याची कड साफ करायची, गंज असेल तर घासून प्रायमर लावून सुकू द्यायचा. रबर काचेवर चढवून पत्र्याला धरणाऱ्या खाचेत ४-५ मिलिमीटरची दोरी भरायची, दोन्ही टोकं खाली मध्यभागी वीत-दीड वीत एकमेकांवर. मग एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर पलटत जातो. शेवटी काच-रबर आणि रबर-पत्रा अशा दोन्ही फटींत कडक न होणारं काळं मॅस्टिक (चिकट लुकण) भरायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

काम देण्याआधी दोन प्रश्न विचारा. रबर सरकवायला काय वापरणार? साबणाचं पाणी हे बरोबर उत्तर. ग्रीस, डिझेल किंवा ऑइल म्हणाला तर दुसरा माणूस बघा, कारण खनिज तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. दुसरा प्रश्न: रबराचा सांधा कुठे येणार? कोपऱ्यात कधीच येता कामा नये, तिथे ताण सर्वांत जास्त.

चिकटवलेल्या काचेचं गणित वेगळं. जुना थर तारेने कापून काच काढावी लागते. मागची काच सहसा टफन्ड असते, कडेला बारीकशी खपली उडाली तरी पूर्ण चुरा होतो. त्यामुळे फुटली तर भरपाई कोणाची, हे आधी ठरवा आणि नवी काच कुठे मिळते ते विचारून ठेवा. पत्र्यावरचा जुना थर पूर्ण खरवडायचा नसतो. १-२ मिलिमीटर ठेवून ताजा कापलेला पृष्ठभाग मिळाला की नवीन युरेथेन त्याला घट्ट धरतं. सुरीने रंगावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर हवाच, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात काचेखालून गंज सुरू होतो आणि दोन पावसाळ्यांनी तीच जागा पुन्हा गळते.

काचेचा घेर साडेतीन मीटर धरला आणि पट्टी ८ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर उंच त्रिकोणी टाकली, तर साधारण १७० मिलिलिटर युरेथेन लागतं. ३१० मिलिलिटरची एक नळी पुरते, तरी दुसरी हाताशी असावी, कारण पट्टी मध्येच तुटली की तिथेच नवी गळती. नळीवरची मुदत स्वतः वाचा. प्रायमरची बाटली आपल्यासमोर उघडू दे. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली ओलावा ओढून घट्ट होते आणि मग काहीच धरत नाही.

पावसाळ्यात हे काम करू नये असा समज आहे, तो अर्धाच खरा. युरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच कडक होतं, जुलैची दमट हवा त्याला मानवते. पण लावताना काच आणि पत्रा पूर्ण कोरडे हवेत, त्यांवर दमट हवेचं न दिसणारं पाणीही साचलेलं नको. म्हणजे बंद शेड, आणि गाडी आदल्या रात्रीपासून आत. थर दिवसाला साधारण ३-४ मिलिमीटर या वेगाने कडेकडून आत कडक होतो. म्हणून पहिला दिवस दारं आपटू नका आणि दाराची काच दोन बोटं खाली ठेवा. बंद केबिनमध्ये दार आपटलं की आतली हवा ताजी पट्टी बाहेर ढकलते.

स्वतः काय करावं, काय नाही

स्वतः करण्याजोगं काम म्हणजे तिसरा ब्रेक लाइट आणि जाळीचे बोल्ट. दिवा काढा, जुना फोम खरवडा, कडेने ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून स्क्रू आळीपाळीने बेताने आवळा. जोर केला तर प्लॅस्टिक तडकतं आणि गळती वाढते. बोल्टच्या वॉशरखालीही तीच टेप. वॉरंटीतल्या गाडीच्या दिव्याला मात्र हात लावू नका.

रबरातल्या काचेला पातळ, फटीत आपोआप झिरपणारं सीलंट मिळतं. काच आणि रबर यांमधून पाझर असेल, वॉरंटी नसेल आणि एक अख्खा कोरडा दिवस हाताशी असेल, तर ते करून पाहण्यासारखं आहे. रबराचा ओठ प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने सुकवा, मग धार सोडा. पण रबर आणि पत्रा यांमधून पाणी येत असेल तर याच्यावर भरवसा ठेवू नका.

चिकटवलेल्या काचेला सिलिकॉन लावूच नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ओरखडा गेलेल्या पत्र्याला गंज चढवतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी युरेथेन चिकटत नाही, त्यामुळे नंतरचं खरं काम दुप्पट अवघड होतं. वॉरंटीच्या टेबलावर तीच रेघ तुमच्याविरुद्ध पुरावा ठरते.

ऐन पावसात गाडी थांबवणं परवडत नसेल, तर काचेची वरची कड आणि बाजू पुसून, सुकवून रुंद वॉटरप्रूफ टेप लावा. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. टेप पुढे काढून टाकता येते.

आत साचलेलं पाणी

काच दुरुस्त झाली तरी मॅटखालचं जाड फेल्ट आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. मासे वाहणाऱ्या गाडीत त्याला मीठही मिळतं, आणि मग तळाचा पत्रा आतून सडतो. सीट आणि मॅट काढून फेल्ट बाहेर वाळवा. मिठाचा संशय असेल तर तळ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, तळाचे रबरी बूच काढून पाणी जाऊ द्या आणि ते आठवणीने परत लावा. सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट थर आहे का बघा. असेल तर बॅटरीची वायर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

गाडी ताब्यात घेताना, शोरूम असो की काचवाला, पाइपची तपासणी तिथेच आपल्यासमोर करून घ्या. मागचं पॅनल त्या दिवशी बसवू देऊ नका. भरल्या गाडीने घाटाची एक खेप होऊ दे, आतली पावडर कोरडी आहे हे बघा आणि मगच क्लिपा दाबा.