काशीचे घाट: नावेतून की पायी?

काशीत एकच सकाळ हाताशी असेल, तर आधी एक ठरवा: घाट पाहायचे आहेत की घाटावरच्या देवांचं दर्शन घ्यायचं आहे? दोन्ही एकाच फेरीत बसवायला गेलं की धड एकही होत नाही.

घाट पाहायचे तर नावच. ते सगळे गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वेला तोंड करून आहेत. सूर्योदयाचं कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं, आणि ती सलग रांग पाण्यातूनच नजरेत मावते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दक्षिण टोकाच्या अस्सी घाटावर नाव धरा. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, त्यामुळे अस्सीहून उत्तरेला मणिकर्णिका घाटाकडे जाताना वल्ह्यांना प्रवाहाची साथ मिळते. उलट निघालात तर वेळ फार जातो. भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, किती वेळाचं आणि उतरवणार कुठे, हे बसण्याआधी बोलून घ्या. वाद होतात ते यावरूनच.

दर्शनासाठी मात्र पायीच जावं. केदारेश्वराचं देऊळ नावेतून नुसतं दिसतं, दर्शनाला पायऱ्या चढाव्याच लागतात. अस्सी ते दशाश्वमेध हे अंतर अडीच-तीन किलोमीटर. पुढे मानमंदिर घाटावर जयपूरच्या सवाई जयसिंहांची वेधशाळा आणि मग ललिता घाट. तिथून विश्वनाथ धामात जाता येतं. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधवलं, मराठी माणसाने तिथे घाईत जाऊ नये. मोबाइल आत चालत नाही, तो मुक्कामीच ठेवलेला बरा. उन्हाळ्यात नऊनंतर दगड तापतात, अनवाणी चालवत नाही. गुडघे दुखत असतील तर हा बेत सोडा.

पावसाळ्यात दोन्ही बेत फसतात: पाणी चढलं की घाटांना जोडणारी वाट बुडते आणि नावाही बंद ठेवतात. पूर ओसरल्यावरही पायऱ्यांवर गाळ असतो, पाय घसरतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत यावं हे उत्तम.

दशाश्वमेधच्या संध्याकाळच्या आरतीला आम्ही नावेच्या बाजूने आहोत. पुजारी नदीकडे तोंड करून आरती करतात, मागच्या पायऱ्यांवरून त्यांच्या पाठीच दिसतात.

पंचतीर्थी, म्हणजे पाच घाटांवर क्रमाने स्नान, करायची असेल तर दोन्हींचा मेळ घाला. अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा, मणिकर्णिका या क्रमात आदिकेशव पार उत्तरेला, वरुणा नदीच्या संगमावर आहे. तेवढं पायी जाऊन परत फिरणं जड जातं. नाव ठरवा आणि प्रत्येक घाटावर उतरून संकल्प, स्नान करा. मणिकर्णिकेवर चिता जळत असतात, तिथे फोटो काढू नका.