दिवसा चित्र, रात्री काळोख: पीओई कॅमेऱ्याच्या केबलमधली फसवणूक

वेंगुर्ल्याजवळच्या एका कलमबागेत मे महिन्यात सात कॅमेरे बसले. सहा घराभोवती आणि सातवा, फिरणारा पीटीझेड, घरापासून 85 मीटरवर फाटकाच्या खांबावर. मालक मुंबईत. ठेकेदाराने भर दुपारी मोबाइलवर सातही चित्रं दाखवली आणि मालकाने तिथल्या तिथे सगळे पैसे पाठवून दिले. त्याच रात्री फाटकावरचा कॅमेरा बंद पडला, दोन मिनिटांनी आला, परत गेला. सकाळी सगळं ठीक. ठेकेदार म्हणाला, "खाऱ्या हवेने कॅमेरा गेला, बदलावा लागेल." बदलला, त्याचे पैसे वेगळे घेतले. नवा कॅमेराही रात्र झाली की तसाच वागू लागला.

मुळात पहिला कॅमेरा चांगलाच होता. खोट केबलमध्ये आणि स्विचमध्ये (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येऊन जुळतात तो डबा) होती, आणि कोकणपट्टीत हा प्रकार सहज पचतो. चाकरमान्यांची घरं वर्षभर बंद, कामं मे महिन्यात किंवा गणपतीच्या तोंडावर घाईत होतात, पैसे दिवसाउजेडी चित्र बघून दिले जातात.

पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट: यात इंटरनेटच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज जाते. 2003 च्या एएफ (आयईईई 802.3af) मानकात स्विचच्या पोर्टवर 15.4 वॅट सोडले जातात आणि कॅमेऱ्यापाशी 12.95 वॅट पोचतील असं धरलेलं असतं. 2009 च्या एटी (802.3at) मानकात हेच आकडे 30 आणि 25.5 आहेत. मधला फरक केबल खाते. किती खायची याची मर्यादा मानकात घातली आहे, पण ती खऱ्या तांब्याच्या तारेसाठी. फसवणारे तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार खपवतात. बाजारात तिला सीसीए म्हणतात. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे दीडपटीहून जास्त असतो. वर जाडीही चोरलेली असेल, 24 गेजचा छापा आणि आत 26 गेज (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), तर रोध अडीचपट होतो.

त्या फाटकावरच्या केबलच्या एका जोडीची दोन टोकं तिकडे जोडून इकडे मल्टिमीटर लावला तर 36 ओहम आले. 24 गेजच्या खऱ्या तांब्याला 85 मीटरवर साधारण साडेचौदा यायला हवेत. पीओईत एक जोडी जाण्यासाठी आणि एक जोडी परत येण्यासाठी वापरली जाते आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा समांतर चालतात, म्हणून विजेच्या वाटेत याचा निम्मा रोध येतो: इथे 18 ओहम. दिवसा कॅमेरा 8 वॅट घेतो, स्विचकडे 48 व्होल्ट आहेत, तर खांबावर 44.8 व्होल्ट पोचतात. काही बिघडत नाही. रात्री आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लागले, वर मोटर फिरली, की मागणी 22 वॅटवर जाते. व्होल्ट कमी पडले की कॅमेरा प्रवाह जास्त ओढतो, प्रवाह वाढला की केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात. हिशोब केला तर खांबावर उरतात 37 व्होल्ट, आणि एटी कॅमेऱ्याला किमान 42.5 लागतात. सहा वॅट नुसते केबलमध्ये उष्णता होऊन जातात. तीच लांबी खऱ्या तांब्याची असती तर त्याच 48 व्होल्टवर रात्रीसुद्धा खांबावर 44 च्या वर राहिले असते.

म्हणून दिवसाची चाचणी ही चाचणीच नव्हे. रात्री सगळे दिवे लागलेले असताना, पीटीझेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत, अर्धा तास चालवून बघायचं आणि मगच पैसे सोडायचे.

पण खरी तपासणी केबल ओढण्याआधीची. वाशांवरून, गडग्याच्या कडेने, जांभ्यात चर मारून एकदा केबल गेली की ती काढायला कोणी तयार होत नाही. बॉक्स आला की आधी वेष्टनावरचा छापा बघा. नुसतं "कॅट 6" (केबलचा दर्जा) लिहिलंय आणि तांब्याबद्दल अवाक्षर नाही, किंवा "सीसीए", "कॉपर कोटेड", "अलॉय" असले शब्द आहेत, तर बॉक्स परत. सीसीए तारेची केबल मानकानुसार कॅट 5ई किंवा कॅट 6 ठरतच नाही, छापा काहीही असो. मग एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. तांबं आतपर्यंत लाल असतं, सीसीएत लाल सालाखाली पांढरी चकाकी दिसते. तीच तार त्याच जागी चार-सहा वेळा मागेपुढे वाकवा, ॲल्युमिनियम लवकर तुटतं. लोहचुंबकही लावून बघा, काही केबलमध्ये आत चक्क पोलाद असतं. ही तपासणी दाखवायला आणलेल्या तुकड्यावर करू नका. नमुना खरा आणि बॉक्स खोटा हा जुना डाव आहे.

सगळ्यात भरवशाचं काम साधं मल्टिमीटर करतं. 305 मीटरच्या बंद बॉक्समधून एका जोडीच्या दोन तारा आतल्या टोकाला पिळून जोडा आणि बाहेरच्या टोकाला ओहम मोजा. मीटरच्या पिनांचा स्वतःचा रोध वजा करा. 24 गेजच्या तांब्याला 51 ते 55 च्या आसपास येतात, 57 च्या वर गेलं की नाकारा. कॅट 6 म्हणून 23 गेजचे पैसे घेतले असतील तर 41 ते 45 यायला हवेत. सीसीए असेल तर आकडा 24 गेजलाही 80 च्या घरात जातो, तिथे वादाला जागाच राहत नाही. मात्र केबलवर छापलेले लांबीचे आकडे दोन्ही टोकांना वाचा. बॉक्समध्ये 305 ऐवजी 260 मीटरच भरले असतील तर रोध आपोआप कमी दिसतो आणि दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात.

वजनही बोलतं. 23 गेजच्या 305 मीटरमध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर असतं. सीसीएमध्ये धातू दोन किलोच्या आसपास. बॉक्स एका हाताने सहज उचलला गेला तर शंका घ्या.

आता स्विच. वेंगुर्ल्याच्या त्या घरात आठ पोर्टच्या स्विचवर "120 वॅट" लिहिलं होतं. त्याच्या अडॅप्टरवर मात्र 48 व्होल्ट, 1.25 अँपिअर, म्हणजे 60 वॅट. अडॅप्टर 60 देतो तर स्विच 120 कुठून देणार? दिवसा सहा कॅमेरे चार-चार वॅट आणि पीटीझेड आठ, मिळून 32. रात्री सहा कॅमेरे सात-सात आणि पीटीझेडच्या वाटेवर 28 (कॅमेऱ्याचे 22, केबलमध्ये जाणारे 6), मिळून 70. नेहमी अडॅप्टरचे व्होल्ट गुणिले अँपिअर करा, रात्रीच्या बेरजेवर किमान पाव हिस्सा जास्त ठेवा. "250 मीटरपर्यंत चालतो" असं सांगणारे स्विच त्या लांबीसाठी वेग 10 एमबीपीएसवर उतरवतात. मानक 100 मीटरचं आहे.

याहून वाईट म्हणजे विचारल्याशिवाय वीज सोडणारा स्विच, जो एएफ म्हणून विकला जातो. खरा स्विच आधी 10 व्होल्टच्या आत चाचपून बघतो, समोर 25 किलोओहम रोधाची खूण सापडली तरच 48 व्होल्ट सोडतो. न विचारता वीज सोडणारा हा पॅसिव्ह प्रकार प्लगमधल्या 4-5 आणि 7-8 क्रमांकाच्या तारांवर सदैव 48 व्होल्ट ठेवतो. त्यात साधा राउटर किंवा टीव्ही लावला, तर बऱ्याच उपकरणांच्या आत त्या जोड्यांवर 75-75 ओहमचे दोन कणभर रेझिस्टर असतात. 150 ओहमवर 48 व्होल्ट म्हणजे 15 वॅट, आणि तो रेझिस्टर पाव वॅटचाही नसतो. करपल्याचा वास येतो तो त्याचा. ओळखायला रिकाम्या पोर्टला छोटी केबल लावून 4-5 आणि 7-8 मध्ये व्होल्ट मोजा. स्थिर 48 दिसले की तो स्विच परत करा.

खारी हवा हे निमित्त सांगितलं जातं, ते पूर्ण खोटं नाही, पण ती आधी सीसीएलाच खाते. फाटकावरचा प्लग कापला तेव्हा पिनांवर हिरवं जंगाल आणि तारांच्या तोंडाशी पांढरी भुकटी होती. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र, वर मीठ, ओल आणि सतत डीसी: ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा ऑक्साइड वीज अडवतो. जोडीतल्या दोन तारांचा रोध असमान झाला की पोर्टमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि चित्र अडखळतं, मग दोष इंटरनेटवर ढकलला जातो. बाहेर काळ्या पॉलिथिन आवरणाची केबलच घ्या, प्लग जेल भरून बंद डबीत ठेवा, डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

बिलावर "सॉलिड बेअर कॉपर, 23 गेज" (म्हणजे भरीव, निव्वळ तांब्याची तार) आणि स्विचचे एकूण वॅट लिहून घ्या. हे लिहिताना ठेकेदार कां-कूं करू लागला तर तिथेच थांबा. फसवणूक झालीच असेल तर सोललेल्या तारेचा, मीटरच्या आकड्याचा आणि केबलवरच्या छाप्याचा फोटो काढून ठेवा, चार मीटर केबल जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

त्या घरात फाटकाची केबल तांब्याची घातली, स्विच 54 व्होल्टचा, 120 वॅटचा खरा बसवला. नव्या केबलचे मीटरवर 14.6 ओहम आले आणि रात्री सगळे दिवे लागलेले असताना खांबावर 51 व्होल्ट. काढून ठेवलेला पहिला कॅमेरा परत चढवला, तो चालतो आहे. घराभोवतीच्या सहा केबल वीस-पंचवीस मीटरच्याच असल्याने सध्या तग धरून आहेत, पण त्याही सीसीएच आहेत. पुढच्या मे महिन्यात कौलं शाकारायला काढली की बदलायच्या आहेत.