फोंतेन्हासमधलं शिंपल्यांच्या एचिंगचं दुकान, वेळ काढूनच जा

परवा पणजीतलं काम लवकर आटपलं म्हणून फोंतेन्हासच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात सहज शिरले, तर आत सगळी एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर ॲसिडने कोरून कागदावर छापलेली चित्रं, आणि सगळी शंख-शिंपल्यांची. दीड तास हलले नाही.

आधी तिसरीच्या शिंपलीचं सांगते. आपण जन्मभर तिसऱ्यांचं सुकं खातो नि कवचं फेकून देतो, इथे तीच तिसरी एका कागदावर बाहेरून आणि आतून अशी दोनदा काढलीय. बाहेरच्या वळ्या एकेक करून मोजता येतात. आत दोन बाजूंना दोन फिकट डाग, कवच घट्ट मिटून धरणारे स्नायू चिकटलेले असतात ती जागा. घरी येऊन आईने आणलेल्या तिसऱ्यांत बघितलं तर डाग अगदी तिथेच! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होते आणि दिसलेच नव्हते.

दुकानातल्या ताईंनी तांब्याची प्लेट हातातच दिली. प्लेटवर मेणाचा थर, त्यात सुईने रेघा, मग ॲसिड, जितका वेळ जास्त ठेवाल तितकी रेघ खोल आणि काळी. पण छापताना डावं-उजवं उलटतं आणि शंखाच्या बाबतीत ते चालत नाही, त्याचा पीळ ठरलेला असतो ना. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1650 मध्ये मार्बल कोन नावाच्या शंखाचं एचिंग केलं, तेव्हा सही प्लेटवर उलटी कोरली म्हणून कागदावर सुलटी आली, कवच मात्र दिसलं तसंच कोरलं आणि प्रिंटमध्ये त्याचा पीळ उलटा पडला. म्हणजे देव्हाऱ्यातला नेहमीचा वामावर्ती (पिळाचं टोक खाली धरलं की तोंड डावीकडे येणारा) शंख तसा छापला तर कागदावर थेट दक्षिणावर्ती! ह्या ताई आरशात बघून कोरतात. मी मुद्दाम ताडून बघितलं, पिळाचं टोक वर धरलं की शंखाचं तोंड उजवीकडेच, बरोब्बर.

जुन्या घरांच्या खिडक्यांना तावदानं म्हणून लावायचे त्या चपट्या शिंपल्यांचंही एक आहे पण ते नाही आवडलं, त्यांची सगळी मजा आरपार येणाऱ्या उजेडात, काळ्या शाईत तो कसा येणार.

एक तक्रार आहे. प्रिंट गुंडाळून दिली, त्यामुळे प्लेट दाबून कडेने जी खाच उमटते तिथे कागदाला मोड पडली. तुम्ही सपाट पुठ्ठ्यातच मागून घ्या. तिसरीची प्रिंट 1,800 ला पडली, हाताने छापलेल्या कामाला मला रास्त वाटली. शंखाची प्रिंट बाजूला ठेवायला सांगून आलेय, पगार झाला की आणते.