नऊ महिने, एक जाडजूड कोश आणि 'योम'

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज या त्रिकुटाचा हिब्रू-इंग्रजी कोश घेतला. मूळ कोश १९०६ चा, मी घेतलेले पुनर्मुद्रण स्ट्राँगचे क्रमांक (बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा) घातलेले. अकराशेच्या वर पाने, वजन असे की झोपून वाचायला घेतला तर छाती दुखते. विक्रेत्याने पुठ्ठ्याचा एक कोपरा दुमडलेली प्रत पाठवली आणि बदलून द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा तीच ठेवून घेतली. नऊ महिने रोज थोडाथोडा वापरल्यावर हे लिहितोय. आठवड्याभरात लिहिले असते तर दोनच तारे दिले असते.

घेण्याचे कारण भांडण. आमच्या मंडळीत बुधवारी शास्त्राभ्यास असतो. बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय निघाला आणि सृष्टीचे सहा दिवस (हिब्रूत दिवस म्हणजे 'योम') म्हणजे किती, यावरून दोन तट पडले. एक काका म्हणाले, "योम शब्दाला अंक लागला की चोवीस तासच, दुसरा अर्थ नाही." पलीकडून एका तरुणाने फोन वर करून दाखवला, "काका, हे बघा ना, तीन हजार एकशे सतरा! दिवस, काळ, वर्ष, युग, सगळं दिलंय." पाळकसाहेबांनी चहा मागवला. दोघांच्या हातात तेच ॲप होते, तोच क्रमांक होता. मला वाटले, मोठा कोश आणला की निकाल लागेल.

पहिला महिना शब्द सापडण्यातच गेला. हा कोश वर्णानुक्रमे नाही, धातूवार लावलेला आहे. 'मोएद' शोधायला 'म'कडे गेलो तर तिथे दुसरीकडे पाहा अशी चिठ्ठी, आणि शब्द बसलेला 'य-अ-द' या धातूखाली. 'रेशीत' म्हणजे आरंभ, तो 'रोश' म्हणजे डोके या शब्दाच्या कुटुंबात. ज्याने शाळेत संस्कृत घेतले आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. ज्याने नाही, त्याने आधी स्ट्राँगच्या क्रमांकाचा दोर धरावा. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली इंग्रजी किंग जेम्स बायबलातल्या शब्दांची जी प्रचंड सूची छापली, तिच्यासाठी मूळ शब्दांना हे आकडे दिले. योम ३११७, एरेव म्हणजे संध्याकाळ ६१५३, बोकेर म्हणजे सकाळ १२४२. शब्दापर्यंत पोचायला आकडा उत्तम, पण लोक त्यालाच अर्थ समजतात. तिथेच सगळा घोळ होतो.

ॲपमध्ये उत्पत्ती १:५ उघडा, ३११७ दिसतो. २:४ उघडा, तिथेही ३११७. पण २:४ मध्ये नुसता योम नाही, 'बयोम' आहे. मागे 'ब' हे अव्यय आणि पुढे 'करणे' या अर्थाचे क्रियारूप. शब्दशः 'परमेश्वर देवाने पृथ्वी व आकाश करण्याच्या दिवशी', पण हिब्रूत अशी रचना सरळ 'जेव्हा' म्हणून वापरतात. आकड्याला अव्यय दिसत नाही, विभक्ती दिसत नाही. म्हणजे 'घरी', 'घराला', 'घरचा' आणि 'घरंदाज' या सगळ्यांना एकच नंबर देऊन वर 'घर' लिहून ठेवण्यासारखे झाले. कोशात मात्र हे 'बयोम' योमच्या लांबलचक नोंदीत शेवटी, वाक्प्रयोगांच्या गर्दीत, बारीक टाइपात सापडते. भिंग लागले. पण सापडले, आणि तरुणाच्या बाजूचा निम्मा दारूगोळा भिजला. २:४ मध्ये योम लवचीक आहे म्हणून १:५ मध्येही आहे, असे म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणची रचनाच वेगळी.

काकांचीही सुटका झाली नाही. १:५ या एकाच वचनात योम दोन अर्थांनी येतो. देव प्रकाशाला योम म्हणतो, म्हणजे रात्र सोडून उरलेला उजेडाचा भाग. त्याच दमात संध्याकाळ झाली, सकाळ झाली आणि 'योम एखाद'. इथे रात्रीसकटचा दिवस, आपल्या भाषेत अहोरात्र. (हिब्रू 'एखाद' म्हणजे एक. आपल्या 'एखाद्या'शी त्याचे काही नाते नाही, पण पाठ चटकन होतो.) हा 'एखाद' आहे, 'रिशोन' नाही, म्हणजे अक्षरशः 'एक दिवस', 'पहिला दिवस' नव्हे. दुसऱ्यापासून मात्र शेनी, शलीशी असे क्रमवाचक येतात. त्यांना उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखे) नाही. सहाव्याला अचानक उपपद लागते: 'योम हशिशी', 'तो सहावा'. आमच्या घरच्या मराठी प्रतीत पहिला, दुसरा, तिसरा असे सगळे एका रांगेत उभे आहेत, आणि ते साहजिक आहे, कारण मराठीत उपपद नाही आणि 'एक दिवस' म्हटले की गोष्ट सुरू झाल्यासारखे वाटते. पण मूळातला हा खडबडीतपणा दिसला की अंकाच्या नियमावर हात ठेवून शपथ घ्यावीशी वाटत नाही. शिवाय 'योम एखाद' जखऱ्या १४:७ मध्येही आहे, आणि तिथला दिवस असा की ज्यात ना दिवस ना रात्र, आणि संध्याकाळी उजेड! अंक आहे, पण घड्याळ कुठाय?

हे काकांना दाखवले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ते संदेष्ट्याचं दर्शन आहे. इथं संध्याकाळ-सकाळ मोजलीय." मुद्दा बिनतोड आहे, आणि मला आजही तो पटतो. संध्याकाळ आणि सकाळ सहा वेळा मोजून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साधा, लोकांचा दिवस होता, युग नव्हते. निर्गम २०:११ मध्ये शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा ह्याच सहा दिवसांवर उभी केली आहे, तीही मजुराच्या सुट्टीइतक्या रोखठोक भाषेत. मात्र लिहिणाऱ्याच्या मनात साधा दिवस होता, एवढ्यावरून तो घडामोडींची नोंदवही लिहीत होता की आठवड्याच्या आकाराचे कवन रचत होता, ते ठरत नाही. सूर्य चौथ्या दिवशी येतो, त्याआधीच तीन संध्याकाळी होऊन गेलेल्या असतात. सातव्या दिवसाला तर संध्याकाळ-सकाळ लागतच नाही. ही कोशाची हद्द संपते ती जागा. कोशाला त्याबद्दल दोष देणार नाही. दोष कोशाकडून निवाडा मागणाऱ्याचा.

धातूंबद्दल एक सावधगिरी. स्ट्राँगच्या नोंदीत योमची व्युत्पत्ती 'तापणे' अशा अर्थाच्या, वापरात नसलेल्या धातूपासून लावली आहे. ते वाचून एका प्रवचनात मी ऐकले आहे की योम म्हणजे मुळात 'उष्णतेचा काळ', म्हणून सृष्टीचे दिवस म्हणजे पृथ्वी तप्त असतानाची युगे. ऐकायला छान. पण आपला 'दिवस' 'दिव्' म्हणजे चमकणे या धातूच्या घरातला. म्हणून श्रावणात सूर्य न दिसलेला मंगळवार दिवसांतून वजा करतो का आपण? बोकेरचेही तसेच. त्याच्या धातूशी फोडणे, शोधून पाहणे असा अर्थ जोडतात. आपल्याकडेही तांबडे 'फुटते', पण गवळ्याला विचारा, काही फुटल्याची त्याला आठवण नसते, त्याला दूध घालायची घाई असते. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ मध्ये बायबलच्या पंडितांना याच खोडीबद्दल सुनावले होते: शब्दाचा अर्थ त्याच्या पूर्वजांकडून नव्हे, वापरातून घ्यायचा. धातूवार मांडलेला कोश वापरताना हे रोज स्वतःला बजावावे लागते, कारण पानाच्या माथ्यावर धातू ठळक बसलेला असतो आणि नजर आधी तिथेच जाते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मिळाले ते 'मोआदीम'मधून ('मोएद'चे अनेकवचन). १:१४ मध्ये ज्योती कशासाठी, तर चिन्हांसाठी, मोआदीमसाठी, दिवसांसाठी आणि वर्षांसाठी. माझ्या मराठी प्रतीत तिथे 'ऋतू' आहे. ऋतू म्हटले की मला पाऊस, थंडी, आंब्याचा मोहर दिसतो. कोशात मोएद उघडला तर नेमलेली वेळ, ठरलेली जागा, भेट. ज्याला मराठीत दर्शनमंडप म्हणतात तो 'ओहेल मोएद', भेटीचा तंबू. लेवीय २३ मधल्या सणांची यादी म्हणजे मोआदीम. साराला मुलगा होईल असे सांगताना उत्पत्ती १८:१४ मध्ये देव परत येण्याची जी वेळ देतो, तीही मोएद. म्हणजे चंद्र-सूर्य निव्वळ हवामानासाठी टांगलेले नाहीत. सण कधी धरायचा हे सांगायला टांगलेत. पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. 'मुहूर्त' लिहावेसे वाटले होते, पण त्यात शुभाशुभ येते, म्हणून खोडले. वहीत 'नेमलेले काळ' असे लिहून ठेवलेय. अजून समाधान नाही.

ही वही घेऊन मी ठाण्याला मावशीच्या इमारतीतल्या एका बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आजींकडे गेलो होतो. कोकणातल्या तेलाच्या घाण्यांवरचे हे लोक, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. आजींना मोआदीमबद्दल विचारले तर त्यांनी सणांची जुनी मराठी नावेच सांगितली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण. दारफाळणीचा म्हणजे योम किप्पूर, दारे लावून उपासाला बसण्याचा. मग मी जरा पंडिती आवाजात विचारले, उत्पत्तीत संध्याकाळ आधी का? त्या म्हणाल्या, "आधी म्हणजे? शुक्रवारी दिवे लागले की आमचा शनिवार लागला. तुमचाच उशिरा लागतो."

गंमत अशी की हे त्या वचनातून आपोआप निघत नाही. बाराव्या शतकात राशी या थोर भाष्यकाराचे नातू रशबाम यांनी १:५ उलट वाचले: उजेडाचा भाग संपून संध्याकाळ झाली, मग रात्र संपून सकाळ झाली, आणि तेव्हा एक दिवस पुरा झाला. म्हणजे दिवस पहाटेपासून पहाटेपर्यंत, आपल्या वारासारखा. व्याकरणाने हे अगदी बसते. 'झाली' हे क्रियापद तिथे एकामागून एक घडणारे दाखवते. शब्बाथ संध्याकाळी सुरू होतो हे रशबाम पाळतही होते, पण वचन काय म्हणते ते वेगळे, असा बाणा. अशा वाचनाविरुद्ध इब्न एझ्रा या दुसऱ्या ज्यू भाष्यकारांनी ११५८ मध्ये शब्बाथाविषयी एक अख्खे पत्र लिहिले. हे कोशात नाही, असणारही नाही. पण एरेवची नोंद वाचता वाचता मी तिथवर पोचलो. त्याच नोंदीत निर्गमातला 'दोन संध्याकाळींच्या मध्ये' हा प्रयोगही भेटला. त्यांच्या दोन, आपल्या तिन्हीसांजा.

आता कुरकुर. कोश जुना आहे. युगारित या सीरियातल्या प्राचीन शहराच्या मृत्पट्टिका १९२८ नंतरच्या, मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या १९४७ नंतरच्या. यातले काही यात नाही. संक्षेपांचे जंगल आहे, पहिले दोन महिने संक्षेपांच्या यादीत बोट घालून बसावे लागते. टाइप चाळिशीनंतरच्या डोळ्यांसाठी नाही. इंग्रजीही शंभर वर्षांपूर्वीचे. स्वामित्वहक्क कधीच संपलेत, तेव्हा मजकूर फुकट मिळतो. फोनवर नुसता शब्द पाहायचा असेल तर पैसे घालू नका. मी छापील का ठेवला? फोनवर नोंदीची वरची चार अर्थांची ओळ दिसते आणि माणूस तिथेच थांबतो. कागदावर शेजारची नोंद डोळ्यात घुसते. 'मिक्केत्स यामीम', उत्पत्ती ४:३, 'दिवसांच्या शेवटी' म्हणजे काही काळाने. शमुवेलच्या पुस्तकात 'दिवसांचा यज्ञ' म्हणजे वार्षिक यज्ञ. हे मी शोधलेच नव्हते.

आणि हे वाचताना सारखे वाटत राहिले की हे तर आपण बोलतोच. दिवस उगवतो, दिवस कलतो, कुणाला बरे दिवस येतात, सुनेला दिवस जातात, 'त्या दिवसांत' म्हणजे कधी ते ऐकणाऱ्याला कळते. आणि तरी 'लग्नाला सहा दिवस राहिले' म्हटल्यावर सहा युगे राहिली असे कोणी समजत नाही, मंडपवाल्याला फोन करतो. केडगावला पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी करत होत्या, तेव्हा त्यांच्या कानात हे सगळे असणार.

एकूण पाचपैकी चार तारे. हिब्रू लिपी येत नसेल तर आधी दोन महिने अक्षरांना द्या, मग घ्या. भांडण मिटवायला घेत असाल तर घेऊ नका. आमच्याकडे ते अजून चालू आहे, फक्त आता काका 'योम एखाद' म्हणतात आणि तो तरुण 'ब' अव्यय तपासल्याशिवाय फोन वर करत नाही. सहाव्या दिवसाच्या उपपदाचे कारण मात्र कोणालाच पटेलसे सापडलेले नाही. पुढच्या बुधवारी दुसरा अध्याय.