सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहिलं: नव्या डिझेल गाडीचे नऊ महिने

आधीची गाडीही डिझेलच, नव्वदच्या दशकातली. सकाळी स्टार्टर मारला की मागे काळा लोट. चढावर रेस दिली की मागचा दुचाकीवाला तोंड फिरवायचा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर टिकली लावता येईल इतकी काजळी निघायची. परवा नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्येही बोट घातलं (गार असताना, अर्थात). लागली ती नुसती रस्त्यावरची धूळ.

युरोपातल्या १९९२ च्या युरो १ नियमात डिझेल कारला किलोमीटरमागे धुरातल्या ०.१४ ग्रॅम कणांची, म्हणजे काजळीची, मुभा होती. युरो ६ मध्ये ती ०.००४५ वर आली. दहा हजार किलोमीटरचा हिशेब केला तर तेव्हा १.४ किलो काजळी नियमात बसायची, आता ४५ ग्रॅम.

मात्र नव्या इंजिनात काजळी होतच नाही असं नाही. ती डीपीएफच्या, म्हणजे धुरातले कण गाळणाऱ्या फिल्टरच्या, जाळीत अडकते आणि जाळी भरत आली की गाडी ती साधारण ६०० अंशांवर जाळून टाकते. त्याला म्हणतात रिजनरेशन. एवढं तापायला गाडी सलग पळावी लागते, आणि माझी रोजची फेरी जेमतेम चार किलोमीटरची! तिसऱ्या महिन्यात डीपीएफचा दिवा लागला. मॅन्युअल वाचून अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पळवली, तेव्हा विझला. पुढे एकदा घरी पोचलो तर पंखा जोरात फिरतोय, करपल्यासारखा वास, उभ्या गाडीतही इंजिनाचा वेग (आयडलिंग) चढलेला. घाबरून गाडी बंद केली. नंतर कळलं, मी रिजनरेशनच अर्धवट तोडलं होतं. असं वारंवार झालं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून आता डिपस्टिकवर ऑइलची पातळी अधूनमधून बघतो. गाडी विकताना रोजचं रनिंग किती, हे कुणी विचारलंही नव्हतं. राग आहे तो याचाच.

धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू कमी करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे. ती भरण्यापलीकडे त्रास नाही. तरी कागदावरच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालतात हे उघड झालं, तेव्हा जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. त्यानंतर युरोपात प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीही आली.

कार्बन डायऑक्साइडला यातलं काहीच अडवत नाही. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो तयार होतोच, जुनी गाडी असो वा नवी. नव्या गाडीची बचत झाली तर मायलेजमधूनच. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणं अजूनही जिवावर बेतू शकतं. विशेषतः पेट्रोलची, कारण धुरातले विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत विषारी कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ तसाच बाहेर पडतो.

लांबचं रनिंग असेल तर ही गाडी बिनधास्त घ्या. माझ्यासारख्या चार किलोमीटरवाल्यांनी पेट्रोल बघावी. मी मात्र आता दर रविवारी काही काम नसताना हायवेला एक चक्कर मारून येतो, नुसती जाळी साफ व्हावी म्हणून.