निवृत्तीचा पैसा कोणाच्या हाती द्यावा : साताऱ्यातील दोन प्रकारच्या आर्थिक सल्लागारांच्या कारकिर्दींची तुलना

सातारा जिल्ह्यात एकरकमी मोठी रक्कम हाती येणारी कुटुंबे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. एक म्हणजे रयत शिक्षण संस्थेतून अथवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होणारे शिक्षक आणि दुसरे म्हणजे लष्करातील सेवा संपवून गावी परतणारे जवान. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणातून, म्हणजे त्याचा काही भाग आधीच एकरकमी घेण्यातून, मिळालेली ही रक्कम पुन्हा कधीही मिळणार नसते, त्यामुळे ती कोणाच्या सल्ल्याने गुंतवावी हा निर्णय गुंतवणुकीच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा ठरतो. सल्लागार निवडताना बहुतेक लोक त्याच्या अनुभवाची वर्षे विचारतात. माझ्या मते ती वर्षे कोणत्या कामात गेली आणि त्या काळात त्याला मेहनताना कोण देत होते, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे आहेत. पुढे ज्या दोन कारकिर्दींची तुलना केली आहे, त्या कोणा विशिष्ट व्यक्तींच्या नाहीत. या शहरात वारंवार आढळणाऱ्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट बँकेतून येते. साताऱ्यात १९३६ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेने या जिल्ह्याला बँक कर्मचाऱ्यांची एक पिढीच दिली. लिपिक म्हणून लागायचे, कोरेगाव, वडूज, फलटण अशा शाखांमध्ये बदल्या घ्यायच्या, पीककर्ज आणि ठेवी सांभाळायच्या आणि अधिकारी होऊन निवृत्त व्हायचे, असा हा प्रवास असे. सप्टेंबर २००६ मध्ये या बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरमध्ये तिचे आयडीबीआय बँकेत विलीनीकरण झाले. त्या काही आठवड्यांत काउंटरच्या आतल्या बाजूस बसून ज्याने ठेवीदारांची घालमेल पाहिली आहे, त्याला संस्था अडचणीत येते म्हणजे नेमके काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. बँक ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच विमा संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण मुळीच नाही, ही गोष्ट असा माणूस पहिल्याच भेटीत आवर्जून सांगतो. निवृत्तीनंतर त्याने परीक्षा देऊन म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा एआरएन हा नोंदणी क्रमांक घेतलेला असतो आणि ओळखीच्या कुटुंबांचे काम तो मनापासून करतो. मात्र त्याच्या पस्तीस वर्षांच्या अनुभवात शेअर बाजाराशी संबंधित वर्षे किती, हे वेगळे मोजावे लागते. तो २०१५ नंतर वितरक झाला असेल, तर बाजारातील त्याचा अनुभव त्या वर्षापासूनच धरायला हवा.

दुसरी वाट पुण्या-मुंबईतून परत येते. वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी, एखाद्या दलाली पेढीत किंवा फंड कंपनीत दहा-बारा वर्षे नोकरी, नंतर स्वतंत्र व्यवसाय आणि सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी, असा तिचा क्रम असतो. ही नोंदणी सेबीच्या २०१३ च्या नियमावलीनुसार होते. २०२० च्या दुरुस्तीने तिच्यासाठी उच्च शैक्षणिक पात्रता आणि पाच वर्षांचा अनुभव अशा दोन्ही अटी घातल्या होत्या. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने अनुभवाची अट काढून टाकली आणि शैक्षणिक अट पदवीपर्यंत खाली आणली. त्यामुळे प्रमाणपत्रावरील तारीख पाहण्यासारखी आहे : त्यापूर्वीच्या चार वर्षांत नोंदणी झालेल्या व्यक्तीला अनुभव सिद्ध करावा लागला होता, तर त्यानंतर नोंदणी झालेल्याचा अनुभव आपल्यालाच तपासावा लागतो.

या दोघांना एकाच कसोटीवर पाहायचे असेल, तर बाजाराच्या पडझडीची वर्षे काढावीत. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर गेला होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो साडेआठ हजारांच्या आसपास आला. एकवीस हजारांची पातळी नोव्हेंबर २०१० मध्ये क्षणभर पुन्हा दिसली, पण ती भक्कमपणे ओलांडण्यासाठी २०१३ संपत यावे लागले. याउलट २०२० मध्ये जानेवारीतील बेचाळीस हजारांवरून मार्चमध्ये सव्वीस हजारांपर्यंत झालेली घसरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत भरून निघाली. ज्याने केवळ २०२० पाहिले आहे, त्याने घसरण पाहिली, परंतु प्रतीक्षा पाहिली नाही. ‘थांबा, बाजार परत येतो’ असे तो प्रामाणिकपणे सांगेल, पण हे थांबणे पाच वर्षांचेही असू शकते आणि निवृत्त माणसाला तेवढा काळ घरखर्च कोठून काढायचा याची तरतूद आधी करावी लागते, हे त्याच्या आराखड्यात उतरलेले असेलच असे नाही. म्हणून दोघांनाही विचारावे, की २००८ मध्ये तुम्ही नेमके काय काम करत होता आणि त्या वेळचे किती ग्राहक आजही तुमच्याकडे आहेत. मुंबईत दलाली पेढीत नोकरी करणाऱ्याने २००८ पाहिले खरे, पण ते एखाद्या कुटुंबाच्या शेजारी बसून पाहिले की संगणकाच्या पडद्यावर, हाही फरक मला मोठा वाटतो. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा रोखे योजना (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे फंड) बंद केल्या, तेव्हा ‘सुरक्षित’ म्हणून रोखे फंड घेतलेल्या ग्राहकांना काय सांगितले, हा प्रश्नही अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरात तपशील येतात की नुसता दिलासा, यावरून बरेच कळते.

आता मेहनतान्याकडे वळू. वितरकाला ग्राहक थेट पैसे देत नाही. फंड कंपनी त्याला गुंतवणुकीच्या चालू मूल्यावर दरवर्षी कमिशन देते आणि ते योजनेच्या खर्चातून, म्हणजे अखेरीस ग्राहकाच्याच परताव्यातून जाते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा कमिशनविरहित डायरेक्ट पर्याय उपलब्ध आहे आणि नोंदणीकृत सल्लागार तोच सुचवतो, कारण त्याला कमिशन घेता येत नाही. त्याची फी ग्राहकाने बँकेमार्फत द्यायची असते. समजा, चाळीस लाख रुपये फंडांमध्ये आहेत आणि दोन पर्यायांच्या खर्चात पाऊण टक्क्याचा फरक आहे, तर वर्षाला तीस हजार रुपये होतात आणि रक्कम वाढेल तसा हा आकडाही वाढतो. सल्लागाराची फी वीस हजार असेल तर तो स्वस्त पडतो. परंतु त्याच कुटुंबाचे फंडांमध्ये आठच लाख असतील, तर फरक सहा हजारांचा राहतो आणि वीस हजारांची फी भरणे व्यवहार्य ठरत नाही. फी घेणारा सल्लागार सर्वांसाठीच योग्य, असे सरसकट मांडले जाते ते मला पटत नाही. वितरकाचे कमिशन किती झाले, हेही गुपित नाही. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित खाते विवरणात ते रुपयांत छापलेले असते आणि वितरकाच्या समोरच ते वाचण्यात संकोच बाळगू नये.

कमिशनमुळे सल्ला कोठे झुकतो, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, दर तिमाहीला व्याज मिळते आणि या योजनेवर एजंटला कमिशन मिळत नाही. साठीच्या शिक्षकासमोर जो माणूस या योजनेचा उल्लेखच करत नाही, त्याच्या बाकी अनुभवाचा मला फारसा उपयोग वाटत नाही. चाळिशीत निवृत्त झालेल्या जवानाच्या बाबतीत मात्र हिशेब बदलतो, कारण संरक्षण दलांतील निवृत्तांनाही या योजनेसाठी वयाची पन्नास वर्षे पूर्ण करावी लागतात. दोन्ही ग्राहकांना एकच आराखडा देणारा सल्लागार पहिल्या वाटेने आलेला असो वा दुसऱ्या, टाळलेला बरा.

विमा प्रतिनिधी आणि सनदी लेखापाल यांचीही नावे या चर्चेत येतात. विमा प्रतिनिधीकडून शुद्ध मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) जरूर घ्यावा, परंतु निवृत्तीच्या रकमेचा आराखडा त्याच्याकडून करून घेऊ नये. सनदी लेखापालाचा सल्ला करापुरता अत्यंत उपयुक्त असतो.

पार्श्वभूमी पडताळण्यासाठी फारसे श्रम लागत नाहीत. सल्लागाराचा आयएनए हा नोंदणी क्रमांक सेबीच्या आणि वितरकाचा एआरएन क्रमांक अॅम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ज्याची नोंदणी केवळ वितरक म्हणून आहे, त्याने स्वतःला स्वतंत्र वित्तीय सल्लागार किंवा वेल्थ अॅडव्हायझर म्हणवून घेण्यास २०२० पासून मनाई आहे, तेव्हा पाटीवर एक आणि नोंदणीत दुसरे असेल तर त्याचे स्पष्टीकरण मागावे.

या सर्वांचा विचार करता, ज्या शिक्षक दाम्पत्याची जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे, बहुतांश रक्कम ठेवी आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत राहणार आहे आणि फंडांमध्ये थोडीच रक्कम जाणार आहे, त्यांनी बँकेतून आलेला, गावातच राहणारा आणि घरी येऊन कागदपत्रे पाहणारा वितरक निवडावा. चाळिशीतला जवान, ज्याचा पैसा पुढील तीस-चाळीस वर्षे वाढायला हवा आणि ज्याला दुसरी नोकरी, मुलांचे शिक्षण, घरबांधणी हे सारे एकत्र बसवायचे आहे, त्याने फी देऊन नोंदणीकृत सल्लागाराकडे जावे. त्याच्या बाबतीत सल्लागाराचे वयही पाहावे लागेल. अडुसष्ट वर्षांचा सल्लागार कितीही जाणता असला, तरी पुढील पंचवीस वर्षे तो सोबत असेल असे गृहीत धरता येत नाही. त्याच्या पश्चात काम कोण पाहणार, त्या व्यक्तीची स्वतःची नोंदणी आहे का आणि ती आजपासून भेटींना हजर राहू शकेल का, हे पहिला धनादेश लिहिण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्या भेटीला पत्नीलाही सोबत न्यावे, कारण पुढे कधी एकटीने हे व्यवहार पाहण्याची वेळ आली, तर सल्लागाराशी बोलायचे तिलाच आहे.